तुटलेला तंटा पुन्हां कोर्टांत

मागल्या पंधरवड्यांत पुरंदर तालुक्यांतील एक म्हातारे शेतकरी आमच्या नारायण पेठेंतील कचेरीची पायरी चढून आले. काखेंत कापडी पिशवी, पिशवींत कागदांचा गठ्ठा, आणि गठ्ठ्याची सुतळी इतक्या वेळां सोडलेली-बांधलेली कीं तिचा पीळच उलगडून गेलेला. दोन एकर दहा गुंठे जिराईत जमीन. तिच्यावर चुलत्यांनीं यांच्या वडिलांविरुद्ध दावा लावला होता, तो वडील जिंकले. चुलत्यांचें अपीलही फेटाळलें गेलें. पुढें वडील वारले, चुलते वारले. आणि गेल्या सालीं चुलत्याच्या नातवानें त्याच जमिनीवर नवा दावा घालून मनाई हुकुमाचा अर्ज केला.

म्हातारबाबांनीं विचारलें, "सायेब, बापानं जिकल्याली जमीन पोरानं पुन्यांदा जिकायची, नातवानं तिसऱ्यांदा जिकायची, असाच कायदा हाय का?" आम्ही म्हणालों, "नाहीं आबा, कायदा नेमका याच्या उलट आहे." त्यावर ते म्हणाले, "मंग कोरटानं दावा घेतला कसा?" या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांस बराच वेळ लागला. तेंच आज वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण अशी सुतळी बांधलेली पिशवी नाहीं असें घर आमच्या शेतकरी वाचकांत थोडेंच असेल.

कायदा काय म्हणतो तो आधीं पाहूं. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 सालची. तिच्या 11 व्या कलमाचा अर्थ साध्या बोलींत इतकाच कीं, ज्या मुद्द्यावर त्याच पक्षकारांमध्यें, किंवा ज्यांच्याकडून त्यांना हक्क आला त्यांच्यामध्यें, अधिकार असलेल्या कोर्टानें दोन्ही बाजू ऐकून शेवटचा निकाल दिला, तो मुद्दा कोणत्याही कोर्टानें पुन्हां चौकशीस घेऊं नये. हा नियम कांहीं 1908 सालीं आभाळांतून पडला नाहीं. 1859 च्या पहिल्या दिवाणी संहितेंत तो होता. त्याहून मागें जुन्या स्मृतिग्रंथांत प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत "याच वादांत हा माणूस माझ्याशीं पूर्वीं हरला आहे" हें एक स्वतंत्र उत्तर असून त्याला प्राङ्न्याय म्हणतात. आज कायद्याच्या मराठींत हाच शब्द चालतो.

मराठी राज्यांत तर याची व्यवस्था आपल्या गांवकऱ्याला सहज कळेल अशी होती. गोत बसे, देशमुख-देशपांडे, पाटील-कुळकर्णी, बारा बलुतेदार बसत, महजर होई. निकाल झाला कीं जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे आणि हरणाऱ्याला आपल्या हातानें यजितपत्र लिहून द्यावें लागे, कीं माझा वाद खोटा झाला, यापुढें या वतनाशीं माझा संबंध नाहीं. जिंकणारा सरकारांत हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी भरी. हरलेल्याच्या तोंडून हार कबूल करून घेण्याची ही रीत आजच्या कोर्टांत नाहीं, आणि आम्हांस कधीं कधीं वाटतें कीं तेवढें एक राहिलें असतें तर बरें झालें असतें.

तथापि जुनें तें सगळें सोनें असेंही नव्हे. राज्य बदललें, सुभेदार बदलला, किंवा हरलेल्याच्या गांठीस चार पैसे आले कीं तोच तंटा पुन्हां उकरून निघे. गिनीज बुकानें जगांतील सर्वांत लांबलेला दावा म्हणून आपल्या पुण्याचाच एक दावा छापला होता. इ.स. 1205 मध्यें पूर्वजानें लावलेल्या दाव्याचा निकाल 28 एप्रिल 1966 रोजीं वंशजाच्या बाजूनें लागला, म्हणजे 761 वर्षांनीं! वाद कसला, तर उत्सवांत पहिला मान कोणाचा. 1205 सालीं येथें देवगिरीच्या यादवांचें राज्य होतें. यादव गेले, सुलतान गेले, छत्रपति-पेशवे गेले, इंग्रज गेले, पण मानपानाचा वाद जिवंतच! एकच कोर्ट इतकीं वर्षें बसून राहिलें असें आम्ही समजत नाहीं. तो तंटा किती वेळां तुटला आणि किती वेळां पुन्हां जोडला गेला असेल याचा हिशेब वाचकांनींच करावा.

आमच्या पेठेशीं संबंध असलेलें दुसरें उदाहरण यापेक्षां जवळचें आहे. ताई महाराज प्रकरण हें नांव जुन्या पुणेकरांच्या कानांवरून गेलेलें असतें. पुण्याचे सरदार बाबा महाराज 1897 सालीं वारले. मृत्युपत्राच्या पंचांत बाळ गंगाधर टिळक होते. 1901 सालीं औरंगाबादेस एक दत्तक झाला, त्याच सालीं विधवेनें कोल्हापूरकडचा दुसरा दत्तक घेतला, आणि वाद पेटला. फौजदारी झाली, ती 1904 मध्यें हायकोर्टांत सुटली. दिवाणी दाव्याचा पुण्याच्या कोर्टांत 1906 मध्यें निकाल लागला, तो हायकोर्टानें 1910 मध्यें फिरवला, आणि प्रिव्ही कौन्सिलनें 1915 मध्यें पुन्हां फिरवून पहिला निकाल कायम केला. बरें, विलायतेचा निकाल आला म्हणून सगळें संपलें काय? नाहीं. कोल्हापूर संस्थानांतील मिळकतीवर ब्रिटिश मुलखांतल्या निकालाची सत्ता चालत नव्हती, तेव्हां तेथला वाद निराळा राहिला. टिळकांशीं ब्राह्मणेतर पक्षाचे मतभेद जगजाहीर होते, ते येथें काढण्याचें कारण नाहीं. सांगणें इतकेंच कीं, ज्याच्यापाशीं कायद्याची पदवी, स्वतःचीं वर्तमानपत्रें, हायकोर्टाचे नामांकित वकील आणि गायकवाड वाड्यासारखें ठिकाण, त्याचीही चौदा वर्षें या एका प्रकरणानें खाल्लीं. मग तारखेच्या दिवशीं एसटीचें तिकीट आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब करणाऱ्या कुणब्यानें, माळ्यानें, सुतार-लोहारानें काय करावें?

आतां आमच्या आबांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. तोच दावा पुन्हां येतो तो त्याच रूपांत येत नाहीं. तो सोंग घेऊन येतो. पहिल्या दाव्यांत बाप वादी होता, आतां नातू आहे. पहिल्यांत मालकी मागितली होती, आतां नुसती मनाई मागितली आहे. पहिल्यांत वाटप झालें नाहीं म्हणत होते, आतां खरेदीखत बनावट म्हणतात. सर्वांत नामी सोंग नंबरांचें. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या 1947 च्या कायद्याखालीं गांवोगांव गट पडले आणि जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जुन्या निकालांत सर्व्हे नंबर, नव्या फिर्यादींत गट नंबर. चतुःसीमाही हुशारीनें लिहायच्या: पूर्वेस अमक्याचें शेत असें होतें, तो अमका मेला म्हणून त्याच्या जावयाचें नांव घालायचें. कागद पाहणाऱ्या कारकुनाला ही जमीन नवीन, हा तंटा नवीन. ज्या बांधावर आबांनीं साठ वर्षें नांगर वळवला, त्या बांधाला मात्र ठाऊक कीं जमीन तीच आहे.

कायद्यानें या सोंगांचा विचार केलेला नाहीं असें नव्हे. बापाविरुद्धचा निकाल त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्या मुलानातवांना आणि पुढच्या खरेदीदाराला बांधतो. पहिल्या दाव्यांत जो मुद्दा काढतां आला असता आणि काढणें योग्य होतें, तो काढला नाहीं तरी काढून हरल्यासारखाच धरला जातो. एकाच कारणावरून मागतां येण्याजोगी मागणी सोडून दिली तर ती पुढें निराळ्या दाव्यानें मागतां येत नाहीं. शिवाय 1998 सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगून ठेवलें आहे कीं, 11 वें कलम काटेकोरपणें लागू पडो वा न पडो, हरलेलाच वाद पुन्हां घेऊन येणें हा कोर्टाच्या कामाचा दुरुपयोग होऊं शकतो.

मग अडतें कोठें? दारांत अडतें. फिर्याद दाखल होतांना कोर्ट फक्त फिर्याद वाचतें. फिर्यादींत कोण लिहील कीं मी पूर्वीं हरलों आहें? बेळगांवच्या एका मिळकतीच्या खटल्यांत 9 ऑगस्ट 2021 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हाच प्रश्न सोडवला. न्यायालय म्हणालें कीं प्राङ्न्याय लागतो कीं नाहीं हें ठरवावयाचें तर जुन्या दाव्याची फिर्याद, कैफियत, मुद्दे आणि निकाल पाहावे लागतात. नुसत्या नव्या फिर्यादीवरून तें कळत नसेल तर आदेश 7, नियम 11 खालीं फिर्याद उंबऱ्यावरूनच परत फिरवतां येणार नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें हें म्हणणें बिनतोड आहे. पण त्याचा परिणाम गरिबावर काय होतो तो पाहा. समन्स येतें, वकील द्यावा लागतो, कैफियत द्यावी लागते, जुन्या दाव्याचे कागद काढावे लागतात, मुद्दा निघावा लागतो. आणि तोंवर मनाई अर्जाच्या तारखा पडतच असतात. जिंकलेला माणूस पुन्हां आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहिल्यासारखा होतो. खोटा दावा करणाऱ्याचा हेतु पुष्कळदां जिंकण्याचा नसतोच. पुण्याभोंवतीं जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून तर दावा चालू आहे एवढ्या एका गोष्टीची किंमत होते. दावा चालू म्हणजे गिऱ्हाईक बिचकतें, बँक कर्जाला हात आखडते, आणि शेवटीं जिंकलेलाच हरलेल्याला म्हणतो, बाबा रे, किती घेतोस आणि जातोस?

आणि अशा खोडसाळ वाद्याला दंड किती? खोटा किंवा त्रास देण्यासाठींच केलेला दावा ठरला तर भरपाई देवविण्याचें 35-अ हें कलम आहे. त्याची मर्यादा 1976 च्या दुरुस्तीनें तीन हजार रुपये केली, आणि शेतजमिनीच्या साध्या दाव्यांत ती तेथेंच खिळली आहे. व्यापाऱ्यांच्या मोठ्या दाव्यांसाठीं निराळीं कोर्टें झालीं तेव्हां त्यांच्यापुरती ही मर्यादा काढून टाकण्यांत आली. शेतकऱ्याच्या छळाचा भाव मात्र तीन हजार! बैलाची एक जोडीही इतक्यांत येत नाहीं. महाराष्ट्रांत 1971 सालचा एक स्वतंत्र कायदाही आहे. वारंवार निष्कारण दावे लावणाऱ्यावर, ॲडव्होकेट जनरलनें अर्ज केल्यास, परवानगीवांचून यापुढें दावा लावूं नये असा हुकूम हायकोर्ट करूं शकतें. कायदा चांगला, पण ॲडव्होकेट जनरलच्या दारापर्यंत पुरंदरचा शेतकरी कसा पोंचणार हें तो कायदा सांगत नाहीं.

निकाल मिळाल्यावरची तऱ्हा आणखी निराळी. हिंदुस्थानांत पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हातांत पडल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचें प्रिव्ही कौन्सिलनें 1872 सालींच लिहून ठेवलें आहे. 2021 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दरखास्तीचें काम सहा महिन्यांत संपवावें असें फर्मावलें. 2025 सालीं त्याच न्यायालयानें देशभरांतून आंकडे मागवले, तेव्हां 8 लाख 82 हजारांहून अधिक दरखास्ती तुंबलेल्या आढळल्या, आणि त्यांत पहिला नंबर आपल्या मुंबई हायकोर्टाच्या हद्दीचा, सुमारे 3 लाख 41 हजार. दरखास्त अशी कुजत पडली कीं हरलेल्याला नवा दावा रचायला निवांत वेळ मिळतो. शिवाय महसुलाची वाट मोकळी आहेच. दिवाणींत हरलेला माणूस तलाठ्याकडे फेरफाराला हरकत घेतो, मंडल अधिकाऱ्यापुढें तक्रार चालवतो, तेथून प्रांताकडे, तेथून वर. फेरफाराच्या नोंदीनें मालकी ठरत नाहीं हें कोर्टांनीं शेंकडों वेळां सांगितलें, तरी सातबाऱ्यावर आपलें नांव चढलें कीं गांवांत मिशीला पीळ देऊन हिंडतां येतें.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग एकदां निकाल झाला कीं दार कुलूप लावून बंद करा. आम्ही असें म्हणत नाहीं, आणि आमच्या वाचकांनींही घाईनें म्हणूं नये. 12 मे 1875 रोजीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले, ते कशासाठीं? त्या काळीं समन्स शेतकऱ्याला पोंचतच नसे, पोंचलें तर वाचतां येत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामे होऊन जमिनी जात. जोतीराव फुले यांनीं 1883 सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्यें कोर्टकचेऱ्यांत शेतकरी कसा नागवला जातो तें लिहिलें आहे. 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला त्यांत म्हणूनच कोर्टाला कर्जरोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासावयास लावलें. निकाल पवित्र खरा, परंतु दोन्ही बाजू ऐकून झाला असेल तर. ज्यानें आपलें म्हणणें कधीं मांडलेंच नाहीं, त्याच्या तोंडावर जुना निकाल फेंकणें म्हणजे दुसरा अन्याय होय. समन्स बजावलेंच नव्हतें असें असेल तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागतां येतो, पण कळल्यापासून तीस दिवसांच्या आंत. विलंब झाला तर त्याचें कारण द्यावें लागतें. लबाडीनें, कागद दडवून मिळवलेला हुकूमनामा तर 1993 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणें मुळांतच शून्य.

बहिणींची गोष्टही ध्यानांत ठेवावी. भावाभावांनीं कोर्टांत भांडून वांटणी केली, त्यांत बहिणीला पक्षकार केलेंच नाहीं, आणि आतां तिनें हक्क मागितला कीं "जुना निकाल झाला आहे" म्हणून तिला हुसकावयाचें, हें सरसकट चालत नाहीं. 20 डिसेंबर 2004 पूर्वीं नोंदलेल्या दस्तानें किंवा कोर्टाच्या हुकुमानें पुरें झालेलें वाटप कायद्यानें राखलें आहे, तेवढें सोडलें तर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. आमच्या कित्येक वाचकांना हें कडू लागेल, लागो. तसेंच पहिला दावा नुसत्या वहिवाटीच्या मनाईचा असेल आणि त्यांत मालकीचा मुद्दा ठरलाच नसेल, तर मालकीचा पुढला दावा पुन्हांचा दावा होत नाहीं.

उलट कुळांच्या बाजूनें एक गोष्ट पक्की आहे. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानें ज्यांना जमीन मिळाली, ज्यांनीं 32-ग खालीं किंमत भरून 32-म चें प्रमाणपत्र घेतलें, त्यांचें तें प्रमाणपत्र खरेदीचा निर्णायक पुरावा आहे, आणि कुळकायद्याखालीं ठरवावयाचे प्रश्न दिवाणी कोर्टानें ठरवूं नयेत असें त्याच कायद्याचें 85 वें कलम सांगतें. जुन्या जमीनदाराचे वारस आज भाव पाहून दावे लावूं लागले, तर घाबरून तडजोडीचे पैसे देण्यापूर्वीं आजोबाच्या ट्रंकेंतला तो कागद शोधावा.

सरकारास आणि हायकोर्टास आमची मागणी मोठी नाहीं. जमिनीच्या प्रत्येक दाव्यांत वाद्यानें शपथेवर लिहावें कीं या जमिनीवर, जुन्या सर्व्हे नंबरानें किंवा नव्या गट नंबरानें, पूर्वीं कोणते दावे, अपिलें, महसुली प्रकरणें झालीं आणि त्यांचें काय झालें. खोटें लिहिलें तर त्या एकाच कारणावर दावा काढून टाकावा. कोर्टांचें दप्तर संगणकांत गेलें आहे, सातबारा संगणकांत गेला आहे. या दोघांची गांठ घालून दिली तर बापाच्या नांवावरचा निकाल नातवाच्या फिर्यादीशेजारीं दिसावयास वेळ लागणार नाहीं. तीन हजारांची मर्यादा काढून खरा झालेला खर्च देववावा. आणि प्राङ्न्यायाचा मुद्दा निघाला तर तो सगळ्यांच्या आधीं ऐकावा, मनाईच्या अर्जाच्याही आधीं.

तोंवर वाचकांनीं आपल्या हातांतलें काम करावें. निकालाची नुसती झेरॉक्स घरीं ठेवून भागत नाहीं. फिर्याद, कैफियत, मुद्दे, निकाल आणि हुकूमनामा या सगळ्यांच्या खऱ्या नकला काढाव्या, अपिलाच्याही काढाव्या, आणि सर्व्हे नंबराचा गट नंबर कसा झाला त्याचा उतारा त्यांना जोडावा. समन्स आलें तर रागानें परत धाडूं नये. कैफियतींत पहिल्याच परिच्छेदांत जुन्या निकालाचा मुद्दा घालण्यास वकिलास सांगावें. कैफियतींत न काढलेला हा मुद्दा पुढें हातचा जातो. कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा देऊं नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल त्यांनीं शिवाजीनगरच्या जिल्हा कोर्टांतील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावें. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींतील पक्षकारांना तेथें उत्पन्नाची अट न ठेवतां फुकट वकील मिळतो. भाऊबंदांत मिटण्यासारखें असेल तर लोकअदालतीचा रस्ता आहे. तेथल्या निवाड्यावर अपील नाहीं, हें मात्र सही करण्यापूर्वीं नीट समजून घ्यावें.

आबांचा गठ्ठा आम्हीं टेबलावर सोडला. त्यांत निकाल होता, अपिलाचा निकाल होता, शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, लग्नाची एक पत्रिका आणि कसलीशी औषधाची चिठ्ठीही होती. मूळ दाव्याची फिर्याद आणि कैफियत मात्र नव्हती, आणि नव्या कोर्टापुढें आधीं तींच लागणार. दाव्याचा नंबर आणि साल एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलें, नकलेचा अर्ज कोठें करावयाचा तें सांगितलें. त्यांची पुढची तारीख अठरा दिवसांवर आहे. नकला मिळाल्या कीं गठ्ठा घेऊन पुन्हां येतों म्हणून ते गेले.